काय करायचं ते तुम्हाला ठाऊक आहे

१९ मे २०२४ला पेन्टेकॉस्टचा रविवार होता. आमच्या पालघर मतदारसंघात मतदान दुसऱ्या दिवशी, सोमवारी. मी तेव्हा शाळेत शिकवत होते आणि मला निवडणुकीची ड्युटी लागली होती, म्हणून चर्चमधली सकाळची पहिली मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, गाठली. तिथून तशीच मतदानाचं साहित्य घ्यायला जाणार होते. त्या सणाचं बायबलमधलं वाचन मला लहानपणापासून आवडतं. जेरुसलेममध्ये देशोदेशीची माणसं जमलेली असतात, येशूचे प्रेषित बोलू लागतात आणि ज्याला त्याला ते आपापल्या भाषेत ऐकू येतं. मिस्सा संपत आली तशा सूचना सुरू झाल्या. ठरलेल्या लग्नांची नावं झाली, सुट्टीतल्या वर्गाची वेळ झाली आणि शेवटी फादर म्हणाले, "उद्या मतदान आहे. सगळ्यांनी जा. विचार करून मत द्या." मग जरा थांबले, आवाज खाली आला. "काय करायचं ते तुम्हाला ठाऊक आहे."

बाकांवर माना हलल्या. कुणी कुणाकडे पाहिलं, कुणी पाहणं टाळलं.

बाहेर क्रुसापाशी माझ्या मावशीने हात धरला. वय ऐंशीच्या पुढे, एका कानाने कमी ऐकू येतं. "बाय, फादरांनी कुणाचं नाव सांगितलं गं?" मी म्हटलं, "कुणाचंच नाही." तिला पटेना. "असं कसं? सांगितलं की. मलाच नीट ऐकू आलं नाही."

माझी मावशी साठ वर्षं मतदान करते आहे. पाण्यासाठी हंडे घेऊन पंचायतीवर गेलेली बाई आहे ती. पण त्या दिवशी तिला वाटलं की एक नाव उच्चारलं गेलं, सगळ्यांना कळलं आणि आपल्या कानामुळे आपलंच राहिलं. ते वाक्य मला अजून टोचतं. त्यात कुणाचा द्वेष नव्हता, कुणावर टीका नव्हती, निवडणूक आयोगाला बोट ठेवायला जागा नव्हती. तरीही मोठ्या माणसांनी भरलेल्या त्या चर्चला त्याने लहान मुलांच्या वर्गासारखं वागवलं.

चर्चने लोकसभेच्या निवडणुकीत बोलावं का, या प्रश्नावर आमच्या समाजात दोन तट आहेत. एक म्हणतो, धर्मगुरूंनी वेदीपाशी थांबावं, राजकारण आमचं आम्ही बघू. दुसरा म्हणतो, दिवस असे आले आहेत की गप्प बसणं हाच गुन्हा. माझं मत दुसऱ्या तटाच्या जवळचं आहे. चर्चने बोलावं, घडलेल्या घटनांचं नाव-गाव घेऊन बोलावं. पण दोन गोष्टी बंद कराव्यात: सूचक बोलणं, आणि समाजाच्या मतांचा गठ्ठा बांधून त्याचा भाव करणं. या दोन्हींतून समाजाचं भलं होतं असं मानणारी पुष्कळ चांगली माणसं मी पाहिली आहेत. ती चुकतात असं मला का वाटतं ते सांगते.

सूचक बोलण्याचं मूळ भीतीत आहे आणि ती भीती खोटी नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम १२३ धर्माच्या नावावर मत मागण्याला भ्रष्ट प्रकार ठरवतं. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. अमक्याला मत दिलं किंवा दिलं नाही तर देवाचा कोप होईल, धर्माकडून ठपका येईल, अशी समजूत मतदाराच्या मनात घालणं हेही गैरवाजवी दडपण धरलं आहे. आदर्श आचारसंहिता सांगते की मंदिर, मशीद, चर्च कुठलीही प्रार्थनास्थळं प्रचाराचं व्यासपीठ करता येणार नाहीत. १९८८चा धार्मिक संस्थांच्या गैरवापराला आळा घालणारा कायदा आहे तो वेगळाच.

देवाच्या कोपाची ती तरतूद नागरिकशास्त्र शिकवताना मी वर्गात वाचून दाखवायचे. मुलं हसायची, मग मी त्यांना आयर्लंडची गोष्ट सांगायचे. १८७२ साली तिथल्या गॉलवे परगण्यात पोटनिवडणूक झाली. कॅथलिक धर्मगुरू आणि बिशप एका उमेदवाराच्या पाठीशी असे उभे राहिले की न्यायमूर्ती विल्यम किओ यांनी धर्मगुरूंच्या दडपणाचं कारण देऊन जॉन फिलिप नोलान यांची निवड रद्द केली. ते न्यायमूर्ती स्वतः कॅथलिक होते. त्या निवडणुकीत मत उघड द्यावं लागत होतं: जमीनदाराचा माणूस एका बाजूला, धर्मगुरू दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कूळ. गुप्त मतदानाचा कायदा तिकडे त्याच वर्षी आला.

आपल्याकडचा अलीकडचा मोठा निकाल तर मुंबईतल्या निवडणुकीवरून झाला. १९९०च्या विधानसभा निवडणुकीतला सांताक्रूझचा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींसमोर गेला आणि २ जानेवारी २०१७ला चार विरुद्ध तीन असा निकाल लागला. उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावावरही मत मागता येणार नाही, असं बहुमताने सांगितलं. विरुद्ध मत देणाऱ्या तिघांचं म्हणणं होतं की धर्म, जात, भाषा यांमुळे ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी तो अन्याय निवडणुकीत मांडूच नये, असा या कायद्याचा अर्थ होऊ शकत नाही. कायदा बहुमताचा, तो पाळायचाच. पण माझं मन त्या तिघांकडे जातं. धर्माच्या नावाने मत मागणं आणि धर्मामुळे सोसलेलं दुःख सांगणं यांत फरक आहे. तो फरक ओलांडायची भीती वाटते म्हणून आपले धर्मगुरू दुःखही सांगत नाहीत आणि मतही मागत नाहीत. दोन्हींच्या मध्ये कुजबुजतात.

८ मे २०१८ला दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांनी आपल्या धर्मप्रांतातल्या धर्मग्रामांना (पॅरिशना) पत्र लिहिलं. देशातलं राजकीय वातावरण अशांत आहे, संविधानातल्या लोकशाही तत्त्वांना आणि धर्मनिरपेक्षतेला धोका आहे, म्हणून २०१९च्या निवडणुकीआधी वर्षभर प्रार्थना करा, शुक्रवारी उपवास करा, असं त्यात होतं. त्यावर केवढा गदारोळ झाला! आदल्या नोव्हेंबरात, गुजरात विधानसभेच्या तोंडावर, गांधीनगरचे आर्चबिशप थॉमस मॅकवान यांनी राष्ट्रवादी शक्तींपासून देश वाचवण्यासाठी प्रार्थना करायला सांगणारं पत्र काढलं होतं, तेव्हा त्यांना निवडणूक यंत्रणेची नोटीस गेली होती. ही दोन पत्रं मी एका मापाने मोजत नाही. कुटो यांचं पत्र मतदानाच्या वर्षभर आधी आलं, त्याखाली सही होती, कुणालाही वाचून वाद घालता येत होता. कुजबुजीपेक्षा ते शंभर पटींनी बरं. माझी तक्रार एवढीच की त्यात वातावरण होतं, घटना नव्हत्या. कुठल्या गावात कुणाची प्रार्थनासभा बंद पाडली, कुठल्या कायद्याखाली कुणाला धरलं, हे त्यात असतं तर विरोधकालाही उत्तर द्यावं लागलं असतं. 'वातावरण' या शब्दाला कुणी उत्तर देत नाही, फक्त रागावतो.

आता गठ्ठ्याचं. यासाठी केरळकडे बघायला हवं, कारण तिथे लोकसंख्येत ख्रिस्ती १८ टक्क्यांवर आहेत आणि चर्चच्या शब्दाला वजन आहे. १९५७ साली ईएमएस नंबुद्रीपाद यांचं कम्युनिस्ट सरकार आलं, शिक्षण विधेयकावरून कॅथलिक चर्च आणि नायर सर्व्हिस सोसायटी रस्त्यावर उतरल्या आणि ३१ जुलै १९५९ला केंद्राने ते निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं. विमोचन समरम्, म्हणजे मुक्तिसंघर्ष, म्हणून ते आंदोलन ओळखलं जातं. त्या विजयाने चर्चचं नुकसान केलं असं मला वाटतं. सरकार बसवणं-उठवणं आपल्या हातात आहे असा समज पुढच्या पिढ्यांना वारशाने मिळाला.

मार्च २०२३ मध्ये कण्णूर जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या मेळाव्यात तलश्शेरीचे आर्चबिशप जोसेफ पाम्प्लानी यांनी जाहीर सांगितलं की केंद्राने रबर किलोला ३०० रुपयांनी घेतलं तर तुम्हाला (म्हणजे भाजपला) केरळातून खासदार नसल्याचा दुष्काळ आम्ही संपवू. तेव्हाच्या बाजारभावाच्या दुपटीच्या आसपासची ही मागणी होती. रबराच्या शेतकऱ्याची कंबर मोडली होती, यात शंका नाही. मी शेतकऱ्याची मुलगी आहे. वसईत केळी आणि पानवेल कशी गेली ते डोळ्यांनी पाहिलं आहे. शेतमालाला भाव मागणारा बिशप मला आवडतो. पण त्या वाक्यातला 'आम्ही' कोण? मतं पाम्प्लानी यांची नव्हती. प्रत्येक बाईचं, प्रत्येक तरुणाचं, रबराचं झाडही नसलेल्या मजुराचं मत त्यांनी न विचारता ताटात घालून पुढे केलं. आणि छत्तीसगडच्या एखाद्या गावात, जिथे ख्रिस्ती कुटुंबाला आपल्या माणसाचं दफन करायला जागा मिळवताना झगडावं लागतं, तिथल्या ख्रिस्ती माणसाला हे वाक्य ऐकून काय वाटलं असेल? त्याच्या जगण्याला त्या भावफलकात जागा नव्हती.

गठ्ठ्याची दुसरी खोट ही की त्याला शेजारी दिसत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये पालाचे बिशप जोसेफ कल्लरंगाट यांनी प्रवचनात 'नार्कोटिक जिहाद' हा शब्द वापरला. ज्या समाजाला धर्मांतराच्या अफवेवरून मार खावा लागतो, त्याच्या बिशपाने दुसऱ्या अल्पसंख्य समाजावर तशीच अफवा टाकावी, याचं दुःख मी सांगू शकत नाही. आपली मतं एकत्र राखायची तर कुणाची तरी भीती दाखवावी लागते. ती भीती कुठून आणायची हा प्रश्न मग आपोआप सुटत जातो.

आणि हाती काय लागतं? २०१८ साली नागालँडच्या निवडणुकीआधी तिथल्या बॅप्टिस्ट चर्च कौन्सिलने खुलं पत्र काढलं की पैशासाठी आणि विकासाच्या आश्वासनासाठी श्रद्धा विकू नका. राज्यात ८८ टक्के ख्रिस्ती, त्यात बॅप्टिस्टांचं बहुमत, शब्द धारदार. निकाल लागला तेव्हा ज्यांच्याविरुद्ध तो इशारा होता तो पक्ष, भाजप, १२ जागा घेऊन सत्तेत बसला. २०२४ मध्ये त्रिशूरमधून भाजपचे सुरेश गोपी ७४ हजारांहून अधिक मतांनी लोकसभेवर गेले. त्यांच्या मतांत ख्रिस्ती मतांचा वाटा होता असं जवळपास सगळ्यांनीच लिहिलं. कुणी त्यावर आनंद मानावा, कुणी दुःख. मला त्यात एकच दिसतं: लोक चर्चमध्ये मान हलवतात आणि केंद्रावर स्वतःच्या मनाने बटण दाबतात. असंच व्हायला हवं.

हे मी पुठ्ठ्याच्या त्या आडोशापासून सहा फुटांवर बसून कित्येक वर्षं पाहिलं आहे. वसई पट्ट्यात बरीच मतदान केंद्रं चर्चच्या शाळांमध्येच असतात. भिंतीवर मारियामातेचं चित्र, फळ्यावर अर्धवट पुसलेलं गणित आणि तीन अधिकाऱ्यांची तीन टेबलं. पहिला नाव पुकारतो, दुसरा डाव्या तर्जनीवर शाई लावतो, सही घेतो, चिठ्ठी देतो. मी तिसऱ्या टेबलावर. चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटवरचं 'बॅलट' बटण मी दाबलं की आडोशामागचं यंत्र मत घ्यायला तयार होतं. मग आतून लांब बीप येईपर्यंत आम्ही सगळे वाट बघतो. काही जणांना दोन सेकंद लागतात. काही बायका आत गेल्यावर बराच वेळ बीप येत नाही. बाहेर रांगेतला नवरा चुळबुळ करतो, पोलिंग एजंट मान उंच करतो. मला त्या शांततेचा फार आदर वाटतो. घरात, शेतात, चर्चमध्ये जिला कुणी विचारलं नाही, ती बाई तिथे एकटी उभी राहून ठरवत असते.

म्हणूनच मिझोरामची वाट मला आशेची वाटते, तिच्या दोषांसकट. २००६ साली तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या पुढाकाराने, इतर चर्च आणि नागरी संघटनांना सोबत घेऊन, मिझोराम पीपल फोरम उभा राहिला. हा फोरम कुणाला मत द्या हे सांगत नाही. निवडणूक कशी लढा हे सांगतो. निवडणुकीआधी पक्षांना बोलावून करारावर सह्या घेतो. मतदारांना जेवणावळी घालायच्या नाहीत, घरोघरी फिरून प्रचार करायचा नाही, पोस्टर-बॅनरवर मर्यादा. सगळ्यांत मोठी गोष्ट संयुक्त व्यासपीठाची. गावात किंवा वस्तीत एकच सभा होते, सगळे उमेदवार एका रांगेत बसतात, प्रत्येकाला सारखा वेळ मिळतो. ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा आवाज मोठा होत नाही.

आपल्याकडच्या प्रचाराशी याची तुलना करून बघा. मागच्या निवडणुकीत आमच्या गल्लीत तीन पक्षांच्या रिक्षा एकाच वेळी शिरल्या आणि तिन्ही भोंग्यांवर तीन गाणी. पाण्याबद्दल कुणी काय बोललं ते कुणालाच ऐकू आलं नाही. एका मांडवात त्यांना शेजारी बसवून, "टँकर कधी बंद होणार, तारीख सांगा," असं विचारता आलं असतं तर?

फोरमच्या हाती कायदा नाही. आहे ते फक्त समाजाचं वजन, आणि ८७ टक्के ख्रिस्ती असलेल्या राज्यात ते वजन थोडंथोडकं नसतं. २०२३ साली मिझोरामची मतमोजणी ३ डिसेंबरला, रविवारी ठरली होती; तिथल्या लोकांनी रविवारचं महत्त्व सांगितलं आणि निवडणूक आयोगाने ती एक दिवस पुढे नेली. आनंद वाटला मला. पण त्याच वजनाने दारूबंदी २०१८च्या प्रचाराचा मुद्दा झाली आणि २०१९ मध्ये कायदा होऊन परत आली, तेव्हा मी तितकी निश्चिंत नव्हते. निवडणूक स्वच्छ ठेवणारा पहारेकरी आणि लोकांच्या घरात डोकावणारा पहारेकरी एकच असेल तर त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार? शिवाय जिथे चर्च म्हणजेच समाज, तिथली रीत जशीच्या तशी महाराष्ट्रात उचलता येत नाही. इथे आम्ही २०११च्या जनगणनेत १० लाख ८० हजार होतो, शंभरात एकही नाही. पण मिझोरामची मूळ कल्पना घेता येते: चर्चने उमेदवाराच्या निवडीत नाही, निवडणुकीच्या शुद्धतेत पडावं.

फिलिपिन्समध्ये १९८६ साली हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. ७ फेब्रुवारीच्या निवडणुकीनंतर आठवडाभरात तिथल्या बिशपांनी जाहीर निवेदन काढलं की ही निवडणूक अभूतपूर्व लबाडीची होती. त्याआधी धर्मभगिनी मतपेट्यांभोवती हातात हात घालून उभ्या राहिल्या होत्या. मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल सिन तटस्थ नव्हते. तेव्हाचे सत्ताधारी अध्यक्ष मार्कोस यांच्या विरोधातल्या उमेदवारांना एकत्र आणण्यात त्यांचा हात होता, आणि त्यावर टीका करायला जागा आहे. पण बिशपांचं ते निवेदन टिकलं, कारण ते मोजणीबद्दल बोललं. 'आमचा माणूस हरला' असं त्यात नव्हतं.

आता जो आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो तो. लोक विचारतात, "बाई, घर जळत असताना तुम्ही पाण्याच्या शुद्धतेवर बोलता?" ३ मे २०२३पासून मणिपूर पेटलं. दोनशेहून अधिक माणसं गेली, हजारो निर्वासित छावण्यांत गेले. तो संघर्ष मुळात जमातींचा, जमिनीचा आणि सत्तेचा. पण त्यात चर्च जळाली, मंदिरंही जळाली, आणि इंफाळच्या खोऱ्यात, बहुतांश हिंदू असलेल्या मैतेई समाजातल्या ख्रिस्त्यांचीही चर्च जळाली. अशा वेळी धर्मगुरूंनी कुणाला मत द्यायचं ते सांगितलं तर काय चुकलं?

माझं उत्तर हे की मणिपूरवर बोलण्याची वेळ मे २०२४ नव्हती. ती मे २०२३ होती, जून होती, त्यानंतरचा प्रत्येक रविवार होता. २०२३च्या नाताळात पंतप्रधानांनी आपल्या निवासस्थानी ख्रिस्ती समाजातल्या मान्यवरांना बोलावलं, बिशप गेले. मणिपूरचं काय, हा सवाल तेव्हा आमच्याच समाजातून उठला. जाणं चूक नव्हतं. सत्तेशी बोलायलाच हवं. पण ज्या घरात आपण पाहुणे म्हणून जातो तिथे दुःख सांगायचं नाही, आणि आपल्याच घरात, वेदीवरून, म्हाताऱ्या बायकांना सूचक शब्दांत सांगायचं, हा क्रम उलटा आहे. जे पंतप्रधानांसमोर म्हणता येत नाही ते माझ्या मावशीवर का टाकायचं?

तसंच दलित ख्रिस्त्यांचं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. नगर, जालना भागातली शेकडो कुटुंबं मी ओळखते, जी गावासाठी अजून जुन्याच जातीची आहेत आणि सरकारसाठी नाहीत. प्रत्येक निवडणुकीत चर्चच्या मागण्यांत ही मागणी असते, असायलाच हवी. पण भारताला पहिला दलित कार्डिनल मिळायला २०२२चा ऑगस्ट उजाडावा लागला, हैदराबादचे अँथनी पूला. आपल्या पंगतीतला भेद आपण काढत नाही तोवर आपली ती मागणी कागदावरच्या यादीतली एक ओळ राहते, आणि पक्षांनाही ते कळतं.

उलट उदाहरण माझ्या घराजवळचं आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईच्या पाण्यासाठी, झाडांसाठी, जमिनीसाठी जो लढा दिला तो निवडणुकीचं वेळापत्रक बघून दिला नाही. हरित वसई संरक्षण समितीच्या मोर्च्यांत आमची आई होती, शेजारचे भंडारी आणि वाडवळ होते, मुसलमान होते. 'सुवार्ता' मासिकातून ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले. विहिरी कोण उपसतं, शेतं कुणाच्या घशात जातात, हे ते जाहीर सभेत बोलले. २०१९ मध्ये साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा धमक्या आल्या, तरी जानेवारी २०२०मध्ये ते उस्मानाबादच्या व्यासपीठावर उभे राहिले. जुलै २०२४मध्ये ते गेले. त्यांना कधी 'तुम्हाला ठाऊक आहे' असं म्हणावं लागलं नाही, कारण लोकांना खरंच ठाऊक होतं. त्यांनी ते वर्षानुवर्षं उघडपणे सांगितलेलं होतं.

पेन्टेकॉस्टच्या त्या सूचनेबद्दल मी फादरांशी बोलले. लगेच नाही, राग शांत व्हायला महिना गेला. ते माझ्यावर चिडले नाहीत. म्हणाले, "बाई, नाव घेतलं तर नोटीस. काहीच बोललो नाही तर लोक म्हणतात फादर घाबरला. मी काय करू?" या प्रश्नात जो एकटेपणा होता तो मला आधी दिसला नव्हता. वरून पत्र येतं ते मोघम, खालून अपेक्षा येतात त्या थेट, आणि मध्ये एक माणूस माईकसमोर उभा. मी त्यांना म्हटलं, नाव घेऊ नका आणि घाबरूही नका. पुढच्या वेळी उमेदवारांना गावच्या सभागृहात बोलावू. चर्चच्या आवारात नको, कायद्यात बसत नाही. आणि ख्रिस्ती संघटनेच्या नावाने तर नकोच. गावातली सगळी मंडळं मिळून बोलावतील, प्रश्न पाण्याचे आणि रस्त्याचे असतील. मतदार यादीत नाव आहे का ते बघायला दोन महिने आधी टेबल लावू, कुणाही शेजाऱ्यासाठी.

सभागृहाची सभा झाली नाही. दोन उमेदवारांनी होकार कळवलाच नाही आणि आमच्यातही मतभेद झाले. टेबल मात्र लागलं. नवीन सुनांची नावं, मुंबईहून परत आलेल्यांची नावं, एका मृत आजोबांचं अजून यादीत असलेलं नाव. नोव्हेंबरच्या विधानसभेआधी फादर म्हणाले, "सूचना तुम्हीच लिहून द्या." मी वहीच्या पानावर लिहून दिली आणि १७ नोव्हेंबरच्या रविवारी त्यांनी ती एकही शब्द न बदलता वाचली:

"बुधवारी मतदान आहे, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. ओळखपत्र घेऊन जा. जिना चढता येत नसेल त्यांनी आधी कळवा, न्यायला माणूस येईल. कुणी पैसे किंवा भेटवस्तू आणून दिली तर घेऊ नका. चर्चने कुणाचंही नाव सांगितलेलं नाही आणि सुचवलेलंही नाही. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या शेजारी बसलेल्यांनी ही शेवटची ओळ त्यांना बाहेर गेल्यावर पुन्हा एकदा सांगा."